न्यायला कोण येणार?

१

काचेच्या पेटीवरचं हिरवं कापड त्या मुलीनं रोजच्या सवयीनं, खाली न बघताच ओढलं.

"आणि ही पाहा ती सही," तिचं पाठ केलेलं वाक्य चालूच होतं. "धूमकेतू शोधणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याची. वय वर्षं सतरा, कॉलेजचा पहिला दिवस..."

आम्ही नऊ पर्यटक पेटीवर वाकलो. आत एक जाडजूड, चामडी पाठीची नोंदवही उघडी होती. डावीकडच्या पानाच्या कोपऱ्यात आकडा होता एकोणीस आणि उजवीकडच्या पानावर एकवीस. वीस नंबरचं पान मधून गायब.

"अगं बाई," मी म्हटलं, "कुठाय सही?"

मुलीनं खाली बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. कॉलेजातच शेवटच्या वर्षाला शिकणारी पोर ती, सुट्टीत पर्यटकांना कॉलेज दाखवायची. तिनं कापड तसंच छातीशी धरलं. शेवटी माझ्या शेजारच्या गृहस्थांनी हाळी दिली, तेव्हा ग्रंथपालबाई आतून धावत आल्या. उंच, ताठ, हातात पांढरे सुती मोजे. नाकावर माशी बसू देणार नाहीत अशा. त्यांनी पेटी पाहिली, कुलूप पाहिलं. कुलूप शाबूत होतं.

"दारं लावा," त्या म्हणाल्या. "या पेटीच्या किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्या गळ्यात आहे. दुसरी गेटवर, किल्लीकाकांकडे."

"काकांकडे?" ती मुलगी रडवेली झाली. "पण बाई, आज काकांचा शेवटचा दिवस आहे. चार वाजता त्यांचा निरोप आहे!"

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "शेवटचा दिवस आहे."

२

मी इथं काय करत होते ते सांगते. मला कॉलेजं बघायची हौस वगैरे काही नाही. मी बाइंडर. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. शिवण माझी, पुठ्ठा आमच्या ह्यांचा. हे गेल्याला तीन वर्षं झाली आणि दुकान बंद झालं. आता महिनाभर मुलाकडे आले होते. चिरंजीव सकाळी जातात ते अंधार पडल्यावर उगवतात. घरात मी आणि फ्रीजचा आवाज. बोलायला माणूस नाही म्हणून मी एकदा भाजीवाल्याला तीनदा तोच भाव विचारला, इतकी वेळ आली. मग मुलानंच तिकीट काढलं, "आई, जुनं कॉलेज आहे, लोक लांबून बघायला येतात, दिवस छान जाईल तुझा," असं म्हणून मला गेटवर सोडलं आणि गाडी वळवून गेलासुद्धा.

गेटवर किल्लीकाका होते. साठीच्या पुढचे, बारीक, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. त्यांनी गेटबुक माझ्यापुढे सरकवलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली. पुढे आणखी दोन रकाने होते, हातानं आखलेले.

"सोडायला कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मुलगा."

"आणि न्यायला कोण येणार?"

मला हसू आलं. "मी काय बालवाडीत आलेय?"

"विचारावं लागतं हो ताई," ते म्हणाले. "येणार ना कोणी?"

"येईल मुलगाच," म्हटलं. तरी त्यांनी तो रकाना कोराच ठेवला. म्हणाले, आल्यावर लिहू. लिहिताना त्यांच्या बाहीच्या कडेला तांबूस भुकटी लागलेली दिसली. आणि ते गेटबुक! मधून नुसतं फुगलेलं. लोक वह्यांत काय काय कोंबतात आणि मग शिवण उसवली म्हणून आमच्या नावानं खडे फोडतात. मला चार शब्द सुनवायचे होते, पण मागे रांग होती.

"आत गेल्यावर पायरी डावीकडून उतरा, झिजलीय," काका म्हणाले. "आणि परीक्षेचा जुना हॉल बघाल, तिथं खिडकीपासून दुसऱ्या बाकावर बसू नका. पाय लुळा आहे त्याचा. पहिल्या वर्षाला तिथंच बसवतात. पेपर लिहिताना शाई बाहीला लागते."

मी पुढे गेले. एवढं कोणी माझ्याशी आठवडाभरात बोललं नव्हतं, म्हणून शब्दन् शब्द लक्षात राहिला.

३

ग्रंथपालबाईंनी सगळ्यांना वाचनालयाच्या लांब टेबलाशी बसवलं. प्राचार्य चार वाजता येणार होते. तोवर पान सापडलं नाही तर पोलीस, आणि काकांचा निरोप रद्द. बाईंनी तक्रारीचा कागदसुद्धा लिहून ठेवला: 'एक पान चोरीस गेले.'

आधी संशय आला तो माझ्या शेजारच्या गृहस्थांवर. गळ्यात भिंग लटकवलेलं, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात भिंगवाले म्हणत होते.

"काल तुम्ही एकटेच आला होतात," मुलगी त्यांना म्हणाली, "आणि विचारलंत की ही सही विकायला काढली तर काय येईल!"

"विचारलं. मग?" भिंगवाले उखडले. "मी सह्या जमवतो. विचारायला बंदी आहे?"

बाईंनी त्यांची पिशवी उलटी केली. चित्रांची वही, पेन्सिली आणि पेन्सिली तासायचा छोटा चाकू निघाला. चाकू टेबलावर पडला तसे सगळे पुढे वाकले. भिंगवाल्यांच्या कपाळावर घाम आला.

मग मुलीची पाळी. सकाळी साडेदहाला ती आली, कापड आधीच पेटीवर होतं, तिनं आत पाहिलं नाही, किल्ली तिला कधी मिळत नाही. सांगता सांगता ती रडायला लागली. मी तिला माझा रुमाल दिला.

शेवटी काकांना बोलावलं. ते आले, टोपी काढून उभे राहिले.

"काका, आज पेटी उघडली होती तुम्ही?"

काकांनी पेटीकडे बघितलं.

"बेचाळीस वर्षं आमच्या किल्ल्या सांभाळल्यात. नाही उघडली एवढं म्हणा, माझी शंका मिटेल."

काकांनी टोपी हातात फिरवली. "ते मला म्हणता येणार नाही, बाई," ते म्हणाले. "काय सांगायचं ते चार वाजता सरांना सांगीन." आणि मागं फिरून गेटकडे चालते झाले.

"बघितलंत?" ग्रंथपालबाईंचा आवाज चिरकला. त्यांना राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. "आता अजून काय पुरावा पाहिजे?"

"मला पाहिजे," मी म्हणाले. "ती वही एकदा मला दाखवा."

४

त्या मला झिडकारणार होत्या. पण चाळीस वर्षं बाइंडिंग केलंय म्हटल्यावर त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. सुईचे घट्टे काही लपत नाहीत. त्यांनी मला मोजे दिले आणि पेटी उघडली.

वही हातात घेतली आणि जिवाला बरं वाटलं. तीन वर्षांनी बांधलेलं पुस्तक हातात आलं होतं. पाठीचं चामडं जुनं होऊन भुकटीसारखं सुटत होतं, मोज्यांना तांबूस रंग लागला. तोच रंग मी सकाळी एका बाहीवर पाहिला होता. पण तोंड उघडलं नाही. आधी पान.

एकोणीस आणि एकवीसच्या मधल्या घडीत मी बोट फिरवलं.

"यांचा चाकू यांना परत द्या," मी म्हटलं. "पान कापलेलं नाही. कापलं असतं तर घडीशी कागदाची पट्टी उरली असती. फाडलेलंही नाही. पान आख्खंच्या आख्खं निघालंय. शिवणीचा दोरा तुटलाय, हा बघा. कुजून गेलाय."

"आपोआप?" बाई म्हणाल्या.

"ही वही किती वर्षं याच पानावर उघडी ठेवलीय तुम्ही?"

"तो विद्यार्थी नावारूपाला आला तेव्हापासून. तीसेक वर्षं."

"कपाळ माझं! तीस वर्षं एकाच घडीवर ताण. दोरा किती सोसणार? बाई, पुस्तक मिटून ठेवायला असतं, अधूनमधून पानं बदलायची असतात."

बाई लाल झाल्या. मी पुढे पानं मोजायला लागले आणि मधेच थांबले. मग पुन्हा मोजली.

"बाई, तो तक्रारीचा कागद फाडा," मी म्हणाले. "चुकलाय तो. गेलेली पानं दोन आहेत."

५

कोणाला कळेना, म्हणून मी कॉलेजची माहितीपत्रकं मागवली. आठ पत्रकं मधोमध दुमडली आणि एकात एक घातली.

"पुस्तकाचा एक फर्मा असा असतो. आठ कागद, सोळा पानं. एकेका कागदाची दोन पानं होतात, एक पुढच्या अर्ध्यात आणि एक मागच्या. आता पुढून चौथं पान धरा आणि ओढा."

मुलीनं ओढलं. चौथा कागद निघाला, आणि त्याच्याबरोबर मागचं पानही.

"शेवटून चौथं," ती म्हणाली.

"अगदी बरोबर. या वहीतला हा फर्मा सतरा ते बत्तीस. वीस नंबरचं पान पुढून चौथं. मग त्याच्याबरोबर गेलं ते शेवटून चौथं, एकोणतीस. नाहीच आहे ते, बघा. सगळे धूमकेतूवाल्याच्या सहीमागे लागलो, म्हणून मागचं कोणी बघितलंच नाही. आता सांगा, ज्यानं पेटी उघडली त्याला वीस पाहिजे होतं की एकोणतीस?"

"वीसच. त्यालाच किंमत आहे," भिंगवाले म्हणाले.

"वीस तर काचेतून रोज दिसतं. ते बघायला पेटी उघडावी लागत नाही. आणि विकायचं असतं तर निरोपाच्या दिवशी, स्वतःच्या किल्लीनं, कुलूप पुन्हा लावून कोण चोरी करेल? चोर एवढा भोळा नसतो. ज्यानं उघडली त्याला आतलं पान उलटून बघायचं होतं. उलटताना दोरा तुटला. बाई, एकोणतीसवर काय होतं?"

एका पानावर एका वर्षाचे विद्यार्थी, असा हिशेब. बाईंकडे सगळ्या नोंदींची टाइप केलेली प्रत होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं ते वर्ष. त्यांनी ती प्रत कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवली. मी रकाने पाहिले आणि सकाळचं गेटबुक आठवलं. नाव. सोडायला कोण आलं. न्यायला कोण आलं.

"ही जुनी पद्धत," मुलगी म्हणाली. "पहिल्या दिवशी सोडायला येणारा सही करायचा, शेवटच्या दिवशी न्यायला येणारा. तीस वर्षांपूर्वी बंद झाली. आता फक्त किल्लीकाकाच विचारतात गेटवर."

एक्केचाळीस नावं होती. न्यायला वडील, न्यायला भाऊ, न्यायला काका, न्यायला मामा. एका ओळीत सोडायला होतं: आई. न्यायला काहीच नव्हतं.

बाईंनी त्या ओळीतलं नाव वाचलं आणि खुर्चीवर बसल्या.

"हे नाव मी रोज हजेरीपुस्तकात लिहिते," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं इथं सगळे त्यांना किल्लीकाका म्हणतात. ते इथं विद्यार्थी होते? कधी एका शब्दानं बोलले नाहीत."

"लुळ्या बाकावर बसून बाही शाईनं माखलेला माणूस आहे तो," मी म्हणाले. "चला. पान कुठं आहे तेही मला माहीत आहे. आज सकाळी आपण सगळ्यांनी त्याच्यावर हात ठेवून सही केलीय."

६

बाई आणि मी, दोघीच गेटवर गेलो. काकांच्या खोलीत एक ट्रंक बांधून ठेवलेली होती. ते आम्हाला बघून उठले. मी काही न बोलता फुगलेलं गेटबुक उघडलं. मधोमध, दोन कोऱ्या कागदांत जपून ठेवलेला तो आख्खा कागद होता. एकीकडे धूमकेतूवाल्याचं वर्ष, दुसरीकडे काकांचं.

काका बाईंकडे बघून म्हणाले, "मागच्या आठवड्यात मी तुम्हाला विचारलं होतं, जायच्या आधी वही एकदा हातात देता का. तुम्ही म्हणालात, नियमात बसत नाही."

"काय बघायचंय ते सांगितलं असतंत..."

"सांगायला जमलं नाही."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. न टेकवता, जरा वर. त्यांच्या नावापुढे दोन अक्षरं होती. मोठी, वाकडी, रेघेच्या खाली घसरलेली. आई.

"तिला लिहिता येत नव्हतं," काका म्हणाले. "येताना वाटेत मी शिकवलं. पाटीवर नाही, तळहातावर बोटानं. नाव अवघड जात होतं म्हणून म्हटलं, एवढंच लिही. ही दोन अक्षरं तिनं जन्मात एकदाच लिहिली. त्या हिवाळ्यात ती गेली. मग न्यायला येणारं कोणी उरलं नाही. मी शिक्षण सोडलं, पण जायचं कुठं? स्वयंपाकघरात लागलो, काही वर्षांनी गेटवर आलो. तीस वर्षं पेटी रोज पुसली. वीस नंबर दिसायचं. हे आत होतं. आज सकाळी म्हटलं, जाण्याआधी एकदा बघावं. पान उलटलं आणि सगळा कागद हातात आला. काय करावं सुचेना. तेवढ्यात बाईंची पावलं वाजली, मी पेटी लावली, कापड घातलं आणि कागद इथं आणला. चार वाजता सरांच्या हातात देणार होतो."

"आणि सगळे चोर म्हणाले तेव्हा?" मी विचारलं.

"पेटी तर उघडलीच होती ना ताई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागही आला, कोणाचा ते कळेना. सत्तेचाळीस वर्षं या माणसाला कोणी विचारलं नाही की तुमचं कोण आहे, आणि हा मात्र येणाऱ्या प्रत्येकाला विचारत बसला.

"किती वाजले?" मी बाईंना विचारलं.

"तीनला पाच कमी."

मी पर्समधून सुई, मेण लावलेला दोरा काढला. माझ्याकडे तो नेहमी असतो. चष्मा विसरेन, दोरा नाही.

"वही इथं आणा," म्हटलं. "भोकं जुनीच आहेत. चाळीस मिनिटांचं काम आहे."

७

फर्मा शिवून झाला. बाईंनी वहीवर हात फिरवला, पान ओढून बघितलं. हललं नाही.

"सरांना काय सांगणार?" मी विचारलं.

"जुना दोरा तुटला होता, पान निसटलं होतं, काकांनी जपून ठेवलं, एका बाइंडरनं शिवून दिलं," बाई म्हणाल्या. यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग त्यांनी आपलं पेन काढलं आणि एकोणतीसवं पान उघडलं. "काका, नियमानं तुम्ही अजून विद्यार्थीच आहात. ही ओळ पुरी व्हायला पाहिजे. आज न्यायला कोण येणार आहे?"

काका हसले. "कोण येणार? तीन थांब्यांवर खोली घेतलीय. ट्रंक उचलीन आणि जाईन."

तेवढ्यात माझा फोन वाजला. चिरंजीवांचा निरोप होता. 'आई, काम लांबलंय, येता येत नाही. गाडी पाठवू का?' मी तो दोनदा वाचला. मला वाईट वाटलं, उगाच कशाला खोटं सांगू. सकाळपासून मी तो न्यायला येण्याचीच वाट बघत होते.

'नको, बसनं येते,' मी लिहिलं.

"कुठली बस?" मी काकांना विचारलं. त्यांनी सांगितली. तीच बस माझ्या मुलाच्या घराशी जाते, शेवटच्या थांब्याला.

मी बाईंच्या हातातून पेन घेतलं. त्या कोऱ्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. नातं तर काही नाही. मग लिहिलं: पाहुणी. बाईंनी तारीख घातली. काका ते पान बराच वेळ बघत राहिले.

चहा झाला, भाषण झालं, भिंगवाल्यांनी काकांची सही मागून घेतली. ती मुलगी पुन्हा रडली. पाच वाजता काकांनी सगळ्या किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या आणि गेटबुक शेवटचं उघडलं. माझ्या ओळीशी आले. सोडायला: मुलगा. पुढचा रकाना सकाळपासून कोरा होता. त्यांनी त्यात स्वतःचं खरं नाव लिहिलं, वाळू दिलं आणि वही मिटली. या वेळी ती फुगलेली नव्हती.

मी ट्रंकेची एक कडी धरली, त्यांनी दुसरी.

"चला ताई," ते म्हणाले. "डावीकडून उतरा. पायरी झिजलीय."